तालुका निफाड, आमदार येवल्याचे, खासदार दिंडोरीचे: हा घोळ नेमका काय आहे?

माझ्या मामाचं गाव लासलगावच्या जवळ. नाशिकहून निघालं की निफाड सोडायचं, विंचूरच्या चौफुलीवर चहा घ्यायचा आणि मग आत वळायचं. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला मी योगायोगाने तिकडेच होतो आणि ओट्यावर बसल्या बसल्या मामाची मतदानाची चिठ्ठी हातात घेतली तर त्यावर लिहिलेलं "११९ येवला". आता मामाचा सातबारा निफाड तालुक्याचा, उत्पन्नाच्या दाखल्याला हेलपाटे मारायचे ते निफाडला, मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर तालुका निफाड, आणि मत मात्र येवल्याला. बरं त्याच्या सहा महिने आधी लोकसभेला त्याच मामाने मत दिलं ते दिंडोरी मतदारसंघात, आणि दिंडोरी तालुका त्याने आयुष्यात पाहिलाय तो फक्त वणीच्या गडाला जाताना.

मी विचारलं, मामा हे असं कसं काय? तर म्हणतो, "आम्ही निफाडचेच रे, येवल्याला दत्तक दिलेले."

तर हे दत्तक प्रकरण काय आहे ते सांगायचा हा प्रयत्न. कारण येवल्याचं राजकारण म्हटलं की सगळे डायरेक्ट छगन भुजबळांवर येतात आणि तिथेच थांबतात, नकाशाकडे कोणी बघतच नाही. माझं म्हणणं असं की अर्धी गोष्ट त्या नकाशात आहे.

आधी आकडेमोड उरकून घेऊ, सोपी आहे. महाराष्ट्रात आमदार २८८. हा आकडा वाढत नाही, कमी होत नाही, कारण १९७६ ला ४२ व्या घटनादुरुस्तीने तो गोठवला आणि नंतर २००१-०२ च्या आसपास अजून एक दुरुस्ती करून गोठवण्याची मुदत पुढे ढकलली, थेट २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत. एकूण जागा तेवढ्याच ठेवल्या, पण लोक एका जागी थोडेच बसतात, नाशिकसारखी शहरं फुगली आणि खेडी तशीच राहिली, मग एका आमदाराच्या वाट्याला पाच लाख लोक आणि दुसऱ्याच्या वाट्याला दोन लाख असं व्हायला लागलं. म्हणून जागा तेवढ्याच ठेवून आतल्या आत रेघा नव्याने मारायचं ठरलं, २००१ ची जनगणना धरून. यालाच म्हणतात डिलिमिटेशन, मराठीत मतदारसंघ पुनर्रचना. आयोगाचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती कुलदीप सिंग, सोबत निवडणूक आयोगाची माणसं, आणि राज्यातले काही आमदार-खासदार सहयोगी सदस्य म्हणून, पण त्यांना मताचा अधिकार नाही. आधी कच्चा आराखडा छापतात, हरकती मागवतात, सुनावणी घेतात, मग पक्का करतात. हे सगळं २००८ ला लागू झालं आणि आपल्याकडे पहिल्यांदा वापरलं गेलं ते २००९ च्या निवडणुकांना.

आता भागाकार करा. २००१ ला महाराष्ट्राची लोकसंख्या जवळपास ९ कोटी ६९ लाख, भागिले २८८, म्हणजे एका आमदारामागे साधारण ३ लाख ३६ हजार माणसं. नाशिक जिल्हा तेव्हा ५० लाखांच्या जवळ. ५० लाखांना या आकड्याने भागलं की येतात पावणेपंधराच्या थोडे वर, म्हणजे १५ आमदार. आधी होते १४. मग कोण गेलं, कोण आलं? नाशिक शहराची लोकसंख्या दहा लाखांच्या पुढे गेलेली, त्यामुळे जुन्या एका "नाशिक" मतदारसंघाच्या जागी पूर्व, मध्य आणि पश्चिम असे तीन झाले. दुसरीकडे सुरगाणा मतदारसंघच गायब, तो भाग कळवणला जोडला. दाभाडी हे नाव गेलं आणि मालेगाव बाह्य आलं. एक गेला, दोन वाढले, झाले पंधरा.

आणि येवला? येवला तालुका तेव्हा सव्वादोन-अडीच लाखांच्या मधला. एका आमदाराला लागतात ३ लाख ३६ हजार, म्हणजे लाखभर माणसं कमी. शेजारी निफाड तालुका चार लाखांच्या वर, म्हणजे तिकडे लाखभर जास्त. पुढचं तुम्हीच सांगा. निफाड तालुक्यातली लासलगाव, देवगाव या बाजूची महसुली मंडळं उचलली आणि येवल्याला जोडली. महसुली मंडळ म्हणजे तालुक्याच्या खालचा तुकडा, काही तलाठी सजे मिळून एक मंडळ होतं. तालुका तहसीलदाराच्या कामासाठी असतो, मतदारसंघ फक्त मत मोजण्यासाठी, दोघांच्या रेघा एकच असल्या पाहिजेत असं काही नाही. मामाचा सातबारा म्हणून निफाडलाच राहिला, मत तेवढं सासरी गेलं.

दिंडोरीचं पण असंच. लोकसभेच्या ४८ जागा, विधानसभेच्या २८८, म्हणजे सहा आमदारांचा एक खासदार. नांदगाव, कळवण, चांदवड, येवला, निफाड, दिंडोरी हे सहा मिळून दिंडोरी लोकसभा, आणि ती अनुसूचित जमातींसाठी राखीव. कळवण, दिंडोरी हा आदिवासी पट्टा, बाकी चार मतदारसंघ कांदा-द्राक्षाचे. खासदारकीचा उमेदवार डोंगरातला आणि मतांचा मुद्दा कांद्याचा, अशी ती गंमत. त्यावर खाली येतोच.

आता गोष्टीकडे.

येवला म्हटल्यावर बाहेरच्या माणसाला पैठणी आठवते. तात्या टोपे इथले. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली ती इथेच, त्या जागेला आज मुक्तिभूमी म्हणतात आणि दर वर्षी त्या दिवशी तिथे रीघ लागते. संक्रांतीला सगळं गाव पतंग उडवायला गच्चीवर असतं, आसारी म्हणजे मांज्याची फिरकी घेऊन. पण हे झालं येवला शहर. तालुका म्हणून बघाल तर अर्धा कोरडा. पालखेडचा डावा कालवा येतो तो निफाडकडून, त्यामुळे येवला पडतो कालव्याच्या शेपटाकडे, आणि शेपटाच्या माणसाचं दुःख पाटकऱ्याला आणि शेपटाच्या माणसालाच कळतं. आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडायची पाळी, कधी सुटणार, किती दिवस चालणार, वरच्यांनी किती उपसलं, आपल्या चारीला पोचलं का, यावर इथे जेवढी भांडणं होतात तेवढी पक्षावरून होत नसतील. उत्तर-पूर्वेच्या गावांना तर तेही नाही, उन्हाळा आला की टँकर.

१९९५ आणि १९९९ ला इथून निवडून आले शिवसेनेचे कल्याणराव पाटील. म्हणजे भुजबळ यायच्या आधी येवला शिवसेनेचा होता, हे आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही.

आणि भुजबळ कोण होते तेव्हा? जन्म नाशिकचा, पण वाढले मुंबईत, भायखळ्याच्या मंडईत भाजी विकली, शिवसेनेत नगरसेवक, मुंबईचे महापौर दोनदा, माझगावचे आमदार. १९९१ ला सेना फोडून काँग्रेसमध्ये गेले, मंडल आयोगाचा, म्हणजे ओबीसी आरक्षणाच्या वादाचा काळ होता तो. १९९५ ला माझगावात बाळा नांदगावकरांनी त्यांना पाडलं. नंतर विधान परिषदेतून आले, १९९९ ला राष्ट्रवादी निघाल्यावर तिकडे, उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री झाले, जुलै २००० मध्ये बाळासाहेब ठाकरेंना अटक झाली ती हेच गृहमंत्री असताना. डिसेंबर २००३ मध्ये पद सोडावं लागलं. म्हणजे २००४ उजाडलं तेव्हा मोठा नेता, पण पायाखाली स्वतःची अशी जागाच नाही.

इथे एक शंका बऱ्याच जणांना असते की मुंबईचा माणूस येवल्यात उभा कसा राहू शकतो. तर कायद्याने राहू शकतो. विधानसभेला उभं राहायला तुम्ही त्या राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघाचे मतदार असलात तरी चालतं, त्याच मतदारसंघाचे पाहिजेत असं नाही. मतदाराने घ्यावं की नाही हा वेगळा प्रश्न. येवल्याने घेतलं. आणि का घेतलं याचं जे कारण मी आजवर दहा जणांकडून तरी ऐकलंय ते असं की "आमदार तर कोणी पण होतो, मंत्री पाहिजे होता". पाणी वरून सोडायचं तर मंत्रालयात माणूस लागतो, हा शेपटाच्या गावाचा साधा हिशोब. २००४ ला त्यांनी तेव्हाच्या आमदाराला, कल्याणराव पाटलांना, साधारण ३५ हजारांनी हरवलं. तेव्हा मतदारसंघ जुना होता बरं का, लासलगाव त्यात नव्हतं. सरकार आलं, भुजबळ सार्वजनिक बांधकाम मंत्री झाले आणि पुढची दहा वर्षं ते खातं त्यांच्याकडे राहिलं. रस्ते, इमारती, पाणीपुरवठा योजना दिसायला लागल्या. येवल्यातल्या ३८ गावांची पाणी योजना हे नाव तिकडच्या बायकांना तोंडपाठ आहे, का असणार नाही, हंडा कोणाच्या डोक्यावर होता?

मांजरपाडा हे दुसरं नाव. दिंडोरीच्या वरच्या डोंगरात पडणारा पाऊस पश्चिमेला वाहून गुजरातकडे जातो, तो बोगद्यातून पूर्वेला वळवायचा, पुणेगाव धरणात आणायचा, तिथून कालव्याने चांदवडच्या दरसवाडीला आणि तिथून येवल्याच्या डोंगरगावला. कागदावर ऐकायला भारी वाटतं. प्रत्यक्षात हे काम वर्षानुवर्षं चाललं आणि दर निवडणुकीला भाषणात हे पाणी येवल्याच्या वेशीवर येऊन थांबायचं. मी याकडे दोन्ही बाजूंनी बघतो. इतकं लांबून डोंगर फोडून पाणी आणायची जिद्द दुसऱ्या कोणी धरली नसती, हे खरं. आणि वीस वर्षं एकाच पाण्यावर मतं मागता येतात, हेही खरं.

मग आली २००८ ची रेघ, आणि माझ्या मते इथून येवल्याचा आमदार हे कामच बदललं. आधी त्याला पैठणीचे माग, कोरडा तालुका आणि येवला शहर एवढं सांभाळायचं होतं. आता त्याच्या झोळीत लासलगाव पडलं, आणि लासलगाव म्हणजे कांद्याची बाजार समिती, देशभर कांद्याचा भाव बोलला जातो तो इथल्या लिलावावरून. सकाळी समितीत जाऊन बघा, ट्रॅक्टरच्या रांगा, व्यापारी आणि त्यांच्या मागे कारकून एकेका ट्रॉलीपाशी थांबतात, हात घालून कांदा वर-खाली करतात, बोली सुटते, मिनिटभरात विषय संपतो, चार महिन्यांचं पीक आणि एका मिनिटाची बोली. ज्या दिवशी दिल्लीने निर्यातीवर काही केलं त्या दिवशी ही बोली निम्म्यावर येते. आमदाराच्या हातात यातलं काहीच नसतं, तरी शिव्या पहिल्या त्यालाच, कारण दिल्ली लांब आहे आणि आमदाराची गाडी विंचूरच्या चौफुलीवरूनच जाते.

शिवाय हे निफाडचे लोक येवल्यापेक्षा बागायती, पाण्यात वरच्या बाजूचे. म्हणजे एकाच मतदारसंघात कालव्याचं पाणी आधी मिळणारे आणि नंतर मिळणारे, दोघेही. मामा निफाडकर, त्याला वाटतं सगळा निधी येवल्याला जातो. येवल्यात माझा एक मित्र आहे, त्याचं म्हणणं बरोबर उलटं, लासलगाव-विंचूरवालेच सगळं नेतात. दोघांना एकदा समोरासमोर बसवायचंय मला.

२००९ ला या नव्या नकाशावर भुजबळ ५० हजारांच्या लीडने आले, समोर शिवसेनेचे माणिकराव शिंदे. हे नाव लक्षात ठेवा. २०१४ ला आघाडी-युती सगळं फुटलं होतं, जो तो स्वतंत्र, आणि त्याच वर्षी लोकसभेला नाशिकमध्ये भुजबळ हेमंत गोडसेंकडून पडले होते, तरी येवल्यात शिवसेनेच्या संभाजी पवारांसमोर ४६ हजारांनी निवडून आले. नाशिकने नाकारलं आणि येवल्याने ठेवलं, त्याच वर्षात. मग मार्च २०१६ ला ईडीने अटक केली, मे २०१८ ला जामीन मिळाला, म्हणजे दोन वर्षांच्या वर मतदारसंघाचा आमदार तुरुंगात. दिल्लीतल्या महाराष्ट्र सदनाच्या बांधकामात गैरव्यवहार झाल्याच्या प्रकरणात २०२१ ला कोर्टाने त्यांना दोषमुक्त केलं. पण त्याआधीच, २०१९ ला, येवल्याने आपला निकाल देऊन टाकला होता, पुन्हा संभाजी पवारांसमोर, आणि लीड किती, तर ५६ हजार, पाचही निवडणुकांतलं सगळ्यात मोठं. तुरुंगातून आल्यावर लीड वाढलं. यावर ज्याला जे समजायचं ते त्याने समजावं, मला एवढंच दिसतं की तोवर माणूस आणि मतदारसंघ एकमेकांना इतके सवयीचे झाले होते की विरोधी उमेदवाराला स्वतःची ओळख करून देण्यातच प्रचार संपायचा.

पुढचा भाग सगळ्यांना माहीत आहे, पण येवल्यातून बघितला की वेगळा दिसतो. जुलै २०२३ ला राष्ट्रवादी फुटली, भुजबळ अजित पवारांसोबत गेले. आणि शरद पवारांनी फुटीनंतरची पहिली मोठी सभा कुठे घेतली? ८ जुलैला, येवल्यात. माझा अंदाज चुकला, माफी मागायला आलोय, अशा अर्थाचं बोलले. त्यानंतर मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं, मनोज जरांगे एका बाजूला आणि ओबीसींचे नेते म्हणून भुजबळ दुसऱ्या बाजूला, रोज टीव्हीवर. आता मतदारसंघात मराठा समाज मोठा, आमदार माळी समाजाचा, आणि वीस वर्षं हा विषय कोणी चुलीपाशी काढला नव्हता असं नाही पण मतपेटीपर्यंत तो इतक्या जोरात आला नव्हता. नोव्हेंबर २०२३ ला अवकाळीने झोडपलं आणि भुजबळ पाहणीला निघाले तर स्वतःच्याच मतदारसंघात काळे झेंडे दिसले.

लगेच डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यातबंदी आली. ती उठली मे २०२४ च्या सुरुवातीला, लोकसभेच्या मतदानाच्या तोंडावर, आणि तीही निर्यात शुल्क लावून. दिंडोरीत त्याचा हिशोब झाला, भाजपच्या केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पडल्या आणि शरद पवार गटाचे भास्कर भगरे, पेशाने शिक्षक, लाखाच्या वर मतांनी निवडून आले. इथेच ती मजा झाली. भगरेंचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. त्याच मशीनवर दुसरे एक भगरे होते, अपक्ष, आणि त्यांचं चिन्ह नुसती तुतारी. त्यांना मिळाली लाखाच्या वर मतं, प्रचार असा काही नसताना. मामीने मला छातीठोक सांगितलं की तिने बरोबर बटण दाबलं. मामा म्हणाला, "तिला विचार, माणूस होता का चित्रात?" मामी गप्प.

तर नोव्हेंबर २०२४ ला जेव्हा मी ती ११९ ची चिठ्ठी बघत बसलो होतो तेव्हा समोर कोण होतं? माणिकराव शिंदे. २००९ ला धनुष्यबाणावर लढलेले, मधल्या काळात राष्ट्रवादीत येऊन भुजबळांसोबत राहिलेले, आणि आता तुतारी वाजवणाऱ्या माणसावर त्यांच्याच विरोधात. आणि भुजबळांचं घड्याळ तेच, पाचव्यांदा, फक्त पहिल्या चार वेळा ज्या धनुष्यबाणाशी लढले तो यावेळी त्यांच्याच महायुतीत. मामासारखा माणूस, ज्याने आयुष्यभर बाणाला मत दिलं, त्याने काय करायचं? तो म्हणाला, बटणं तीच आहेत, फक्त तारा बदलल्या. निकाल लागला, भुजबळ २६ हजारांच्या लीडने आले. जिंकले, पण पाच निवडणुकांतलं हे सगळ्यात कमी लीड. मंत्रिमंडळात आधी घेतलं नाही, नाराजी झाली, मग मे २०२५ मध्ये शपथ झाली. येवल्याला परत मंत्री.

राहता राहिला मामाचा खरा प्रश्न, की आपण परत निफाडला जाणार का. जागा गोठवल्यात त्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत, आणि जनगणनेसाठी सरकारने तारीख धरली आहे १ मार्च २०२७. त्यानंतर कधीतरी नवीन आयोग, नवीन भागाकार. मधल्या वीस-पंचवीस वर्षांत नाशिक शहर पाथर्डी, आडगाव, म्हसरूळ सगळीकडे पसरलंय, त्यामुळे जिल्ह्यातल्या रेघा शहराकडे ओढल्या जाणार हे तर दिसतंच, आणि एका टोकाला रेघ ओढली की दुसऱ्या टोकाची हलते. लासलगाव निफाडला परत जाईल, येवल्यात राहील, की चांदवडला चिकटेल, हे त्या मंडळांच्या लोकसंख्येच्या बेरजेवर. शिवाय २०२३ ला महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती झाली, तिच्यात एक तृतीयांश जागा महिलांसाठी ठेवायच्या आहेत, आणि तेही पुनर्रचनेनंतरच.

हे सगळं मी जेवताना समजावून सांगत होतो तर मामी चुलीपाशी भाकरी थापत होती, हात न थांबवता म्हणाली, "मग आता मीच उभी राहते, चित्रात बाईमाणूस ठेवायला सांग म्हणजे घोळ नको."